सैतान कोणास म्हणावे ?

सैतान म्हटला की बोकडाच्या खुरांचे एक भेसूर ध्यान डोळ्यांपुढे उभे राहते. ते चित्रकारांचे, बायबलाचे नव्हे. मूळ इब्री शब्दाचा अर्थ विरोधक किंवा फिर्यादी एवढाच. बलामाची वाट अडविणाऱ्या परमेश्वराच्या दूतासही तोच शब्द लाविला आहे. ईयोबाच्या ग्रंथात तर सैतान देवपुत्रांसमवेत खुद्द परमेश्वरापुढे हजर होतो! नव्या करारात तो दुष्टांचा अधिपती बनतो खरा. तथापि ख्रिस्ताने ‘सैतान’ म्हणून झिडकारले ते आपल्या पट्टशिष्य पेत्रास.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट आहे, असे आम्हांस वाटत नाही. सन १६९२ मध्ये अमेरिकेतील सेलम येथे सैतानाशी संगनमताच्या आरोपावरून १९ जणांस फाशी दिले. मूळ अर्थाने तेथे सैतान कोण, आरोपी की फिर्यादी? गुन्हा कबूल करणारांचे प्राण वाचले. खोटी कबुली न देणारे फासावर गेले.