एअरब्रश निवडताना

सुट्टीच्या दिवसांत प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमाने, रणगाडे व आगबोटी यांच्या प्रतिकृती तयार करण्याचा छंद पुष्कळ मुलांस जडतो. छंद चांगलाच आहे. त्याने हाताला सफाई येते व मनाला धीर धरण्याची सवय लागते. परंतु पाच-सहा प्रतिकृती झाल्या, की मुलगा एके दिवशी वडिलांपुढे उभा राहतो आणि एअरब्रश मागतो. वडिलांना त्या वस्तूची माहिती नसते आणि दुकानदार तर सगळ्यांत महागडीच पुढे करतो. घरातील कष्टाचा पैसा खर्च होण्यापूर्वी या उपकरणाचे मर्म समजून घ्यावे, एवढ्यासाठीच आज आम्ही हा विषय घेतला आहे.

मुलाची मागणी केवळ हौसेची असते असे नव्हे. १९६५ व १९७१ च्या युद्धांत आपल्या वायुदलाने वापरलेले हंटर विमान सुमारे १४ मीटर लांबीचे. १:७२ या प्रमाणात त्याची प्रतिकृती जेमतेम १९ सेंटिमीटर भरते. तिच्यावर साध्या कुंचल्याने एक दशांश मिलिमीटर जाडीची रंगाची वळी उठली, तर खऱ्या विमानावर ती सात मिलिमीटरांची झाली असती! एअरब्रश रंगाचे बारीक तुषार करून पातळ व एकसारखा थर देतो. एका रंगाची कडा दुसऱ्यात हळुवार मिसळणेही त्याच्यामुळे साधते.

त्याची रचना शेतातील फवारणीच्या पंपाहून फार निराळी नाही. दाबाखालील हवा टोकाशी वेगाने बाहेर पडते, तेथे रंग ओढला जातो आणि त्याचे तुषार होतात. नॉझलच्या आत एक निमुळती सुई असते. ती जितकी मागे सरकेल तितका रंग अधिक सुटतो.

निवड करताना पहिला प्रश्न खटक्याचा. एकेरी खटक्याच्या ब्रशात खटका दाबला की हवा सुटते. रंगाचे प्रमाण मात्र स्क्रू फिरवून आधीच ठरवावे लागते. तो शिकावयास सोपा व एकरंगी कामास पुरेसा असतो. दुहेरी खटक्यात खाली दाबल्याने हवा व मागे ओढल्याने रंग सुटतो. बोट वळावयास काही आठवडे जातात. पण एकदा वळले की रेघ बारीक किंवा रुंद करणे हातचे होते. छंद टिकणार अशी खात्री असेल, तर दुहेरीच घ्यावा असे आमचे मत आहे.

दुसरा प्रश्न रंगाच्या भांड्याचा. वाटी वर असेल तर रंग आपल्या भाराने उतरतो. थोडा दाब व थोडा रंग पुरतो आणि धुणेही सोपे जाते. खाली बाटली लटकणाऱ्या ब्रशात रंग पुष्कळ मावतो, पण तो वर ओढण्यास दाब अधिक लागतो. लहान प्रतिकृतींस वरची वाटी बरी.

तिसरा प्रश्न नॉझलच्या छिद्राचा. ०.३ ते ०.५ मिलिमीटर हे नवशिक्यास योग्य. ०.२ चे छिद्र अतिसूक्ष्म कामाचे. ते वरचेवर तुंबते आणि नवशिक्याचा धीर खचविते. रंग थिनरने दुधाइतका पातळ करून गाळून घ्यावा. दाब चौरस इंचास १५ ते २० पौंड ठेवून प्रारंभ करावा आणि आधी रद्दीच्या कागदावर हात बसवावा.

अमेरिकेतील बॅजर व पाशे, जपानची इवाटा, जर्मनीची हार्डर अँड स्टीनबेक ही या धंद्यातील जुनी नावे होत. नाव कोणतेही असो, दुकानदारास एकच विचारावे : याची सुई व नॉझल सुटी मिळते काय? सुईचे टोक एकदा वाकले, की सुट्या भागांवाचून ब्रश अडगळीत जातो.

खरा खर्च बहुधा ब्रशाचा नसून कॉम्प्रेसरचा असतो. त्याला हवेची टाकी असावी, म्हणजे फवारा धापा टाकत नाही. दाब कमी-अधिक करणारा रेग्युलेटर व पाणी अडविणारा सापळाही हवा. कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत नळीत पाणी साठते व ऐन कामात रंगावर थेंब उडतो. तेथे हा सापळा टाळता येण्याजोगा नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ब्रशातून सुटलेला रंग सगळाच प्रतिकृतीवर बसत नाही. उरलेला हवेत तरंगतो व श्वासाबरोबर फुप्फुसांत जातो. इनॅमल व लॅकर यांच्या वाफा तर विशेष घातक आणि ज्वालाग्राही आहेत. तोंडाला बांधलेला रुमाल त्या अडवू शकत नाही. त्यासाठी वाफा शोषणाऱ्या डब्यांचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखवटा लागतो. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग त्या मानाने सौम्य. परंतु त्यांचेही तुषार श्वासात जाऊ देऊ नयेत. काम उघड्या खिडकीशी करावे. चूल, समई व तान्ही मुले यांपासून दूर करावे.

तेव्हा पैसे मोजकेच असतील, तर आधी मुखवटा व चांगला कॉम्प्रेसर घ्यावा आणि ब्रश मध्यम किमतीचा पाहावा. तेवढेही जमत नसेल, तर वर्षभर थांबावे. साध्या कुंचल्यानेही पातळ रंगाचे दोन-तीन थर देऊन नीटस काम होते आणि लहानसहान भागांसाठी तो पुढेही लागतोच. दरम्यान मुलाकडे एवढेच पाहावे, की काम झाल्यावर तो कुंचला धुऊन ठेवतो की तसाच टाकून उठतो. एअरब्रश तर प्रत्येक रंगानंतर धुवावा लागतो. कुंचला न सांगता धुणाऱ्या मुलाच्या हाती तो निर्धास्तपणे द्यावा.