पैशाचा हिशेब झाला, माणसांचा केव्हा?

दरवर्षी १७ सप्टेंबरला गेवराईपासून उमरग्यापर्यंत साऱ्या मराठवाड्यात झेंडावंदन होते, हुतात्म्यांना अभिवादन होते. ते व्हायलाच हवे. निजामाची सरंजामी राजवट आणि रझाकारांचे अत्याचार ज्यांनी सोसले, त्यांचे ऋण फिटणारे नाही. परंतु सप्टेंबर १९४८ मध्ये सैन्य चालून आले, रणगाडे आणि विमाने आली, निजामाच्या सेनापतीने शस्त्रे खाली ठेवली, आणि सरकारने या युद्धाला नाव दिले ‘पोलीस कारवाई’. युद्ध नव्हे म्हणून तह नाही. तह नाही म्हणून हिशेबही नाही.

पैशाचा हिशेब तेवढा झाला. २० सप्टेंबर १९४८ रोजी लंडनमधील पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या खात्यावर वळवलेल्या निजामाच्या दहा लाख पौंडांचा निकाल तेथील न्यायालयाने २ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला. माणसांचे काय?

कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, त्याची पाहणी करण्यासाठी केंद्र सरकारनेच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना धाडले. साऱ्या संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मेली, असा त्यांचा अंदाज होता. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून निदान पाच हजार. घरे आणि जमिनी बळकावल्याचीही नोंद त्यांनी केली. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान सोबत्यांना जिवावर उदार होऊन वाचवले, हेही त्याच अहवालात आहे. हा अहवाल सरकारने दडपला. २०१३ साली तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहावयास मिळू लागला.

दरम्यान निजाम १९५० मध्ये राजप्रमुख झाला. कासीम रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला. वरच्यांचा समझोता झाला. खालच्यांच्या वाट्याला मौन आले.

जुन्या जखमा उकरू नका, असे सांगणारे प्रत्येक सप्टेंबरात अर्धी जखम आपणच उकरतात. रझाकारांच्या पापाचा जाब ते आजच्या मुसलमान शेतमजुराला विचारतात आणि त्यानंतरच्या कत्तलीबद्दल ब्र काढीत नाहीत. अर्धसत्यावर पोसलेला द्वेष गरिबांची एकजूट मोडतो. त्याचा लाभ कोणाला होतो, हे कार्यकर्त्यांना सांगणे नलगे.

कागद सापडत नाहीत, ही सबबही उरलेली नाही. कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे धुंडाळली गेली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटच्या आधारे शासन निर्णय निघाला. न्यायाच्या मागणीसाठी जुने दप्तर उघडणे योग्यच. मग स्वतःच्याच सरकारने लिहवून घेतलेला अहवाल बासनात का?

मागणी साधी आहे. शासनाने सुंदरलाल अहवाल मराठीत अधिकृतपणे प्रसिद्ध करावा. रझाकारांनी मारलेल्यांची आणि कारवाईनंतर मारले गेलेल्यांची नावे गावोगाव, एकाच यादीत नोंदवावीत. ही यादी वाचली जाईल त्या १७ सप्टेंबरला ते युद्ध खऱ्या अर्थाने संपेल.