पंगत उठली, कचरा अन् कर्ज मागं राहिलं! लग्नाला आता गावाचाच नियम लागेल

येरमाळा (ता. कळंब) : तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं लग्नसराई सुरू होते, ती पार पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. महामार्गाच्या कडेची मंगल कार्यालयं, गावातले मांडव, वस्तीवरची लग्नं. दाट तिथीला एकेका माणसाला चार-चार ठिकाणी अक्षता टाकायला पळावं लागतं. संध्याकाळी नवरी सासरी जाते, पाव्हणे गाडीत बसतात, मांडववाला कापड सोडून नेतो. मागं उरतो तो कचरा, अन् नवरीच्या बापाच्या घरात उरतं ते कर्ज. या दोन्हींचं मूळ एकच आहे, 'लोक काय म्हणतील' ही भीती. म्हणून पर्यावरणपूरक लग्न हा शहरातल्या हौशी माणसांचा विषय आहे असं समजून सोडून देता येणार नाही. तो आपल्या गोठ्याचा, ओढ्याचा अन् खिशाचा विषय आहे.

एका लग्नाचा साधा हिशोब

समजा हजार माणसांचं जेवण आहे. एका माणसामागं एक ताट, दोन वाट्या, एक चमचा अन् पाण्याचे दोन ग्लास धरले तरी सहा नग होतात. म्हणजे हजार माणसांचे सहा हजार नग, तेही एका दुपारीत. पाण्याच्या छोट्या बाटल्या ठेवल्या असतील तर त्या वेगळ्या. हा ढीग जातो कुठं? कार्यालयाच्या मागं, ओढ्याच्या काठाला, नाहीतर रस्त्याच्या कडेला. रात्री कुणीतरी काडी लावतं अन् विषारी धूर जवळच्या वस्तीवर जातो. जळालं नाही ते वाऱ्यानं शेजारच्या रानात येतं. नांगरटीला फाळाला गुंडाळतं, पावसाळ्यात मोरीच्या नळ्यात अडकतं.

अक्षतांचंही तसंच. प्रत्येकानं पन्नास ग्रॅम ज्वारी किंवा तांदूळ उधळला तरी हजार माणसांत पन्नास किलो होतात. अर्धा क्विंटल धान्य पायाखाली! ज्या भागात ज्वारीची काढणी करायला माणूस मिळत नाही, तिथंच हे चाललंय.

सगळ्यात आधी मरतं ते जनावर

खरकट्यासकट पडलेलं ताट जनावर तसंच चघळतं. मिठाच्या, तेलाच्या वासानं प्लास्टिकही पोटात जातं. ते पचत नाही, बाहेरही पडत नाही. पोटात त्याचा गोळा होत राहतो. जनावराचं खाणं कमी होतं, दूध आटतं, पोट फुगतं. शेवटी पोट फाडून ऑपरेशन करावं लागतं, नाहीतर जनावर दगावतं.

दुसरा धोका उरलेल्या अन्नाचा. वाया कशाला घालवायचं म्हणून पाटीभर भात, पोळ्या, बुंदी गाई-म्हशीपुढं ओततात. एकदम एवढं पिठूळ अन् गोड खाल्लं की जनावराच्या पोटात आम्ल वाढतं, रवंथ बंद होतो, जनावर बसतं. वेळेत उपचार झाले नाहीत तर ते उठत नाही. असं लक्षण दिसलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. जनावरांच्या डॉक्टरला बोलवा किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन लावा.

कायदा आहे, पण मांडवाबाहेर

महाराष्ट्र सरकारनं २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक-थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली. त्यात थर्माकोल अन् प्लास्टिकची ताटं, वाट्या, ग्लास, चमचे सगळं आलं. पहिल्यांदा सापडलं तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार रुपये दंड अन् तीन महिने कैद, अशी तरतूद आहे. पुढं १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनं देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली. तिच्यात सजावटीचं थर्माकोल, फुग्याच्या प्लास्टिक काड्या, लग्नपत्रिकेवरचं पातळ प्लास्टिक वेष्टन अन् १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही आहेत. म्हणजे चौकात लागणाऱ्या शुभेच्छांच्या अनेक फ्लेक्सलाही हा नियम लागतो. डीजेचं बघायचं तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही.

एवढं सगळं असून लग्नात काही बदलत नाही. कारण उघड आहे. लग्नाच्या मांडवात जाऊन दंड कोण करणार? सरपंच, सदस्य, ग्रामसेवक सगळेच त्या पंगतीचे पाव्हणे असतात. शुभकार्यात विघ्न आणलं असं बोलून घ्यायला कुणी तयार नाही. त्यामुळं हा प्रश्न दंडानं सुटेल असं वाटत नाही.

आपलं जुनं लग्न कसं होतं?

बालाघाटाच्या डोंगरात पळस काही कमी नाही. एकेकाळी त्याच पानांच्या पत्रावळी अन् द्रोण चोयांनी टाचून लग्नाच्या आधी घरोघर तयार व्हायचे. मांडवावर डहाळे पडायचे, पाण्याला रांजण, वाजवायला हलगी-सनई. भावकीतली पोरं वाढायला अन् बायका पोळ्या लाटायला. पंगत उठली की पत्रावळी उकिरड्यात, अन् वर्षानं त्याचं खत रानात. त्याला कुणी पर्यावरणपूरक म्हणत नव्हतं. जवळ जे आहे त्यात लग्न उरकायचं, एवढाच विचार होता.

ते दिवस जसेच्या तसे परत येणार नाहीत. पत्रावळ टाचायला आता कुणाला सवड नाही, वाढायला पोरं गावात नाहीत, बरीचशी पुण्याला कामाला आहेत. पॅकेज घेतलं की कार्यालयवाला अन् केटरर्स सगळं बघतात, ही सोय कुणाला नको आहे? पण सोयीबरोबर आकडाही वाढला. पूर्वी भावकी अन् सोयरे जेवायचे, आता ओळखीचा प्रत्येक माणूस जेवतो. त्याच्यावर सत्कार, फेटे, टॉवेल-टोपी, डीजे, प्री-वेडिंग शूटिंग, ड्रोन.

अन् हा खर्च कोणत्या घरात होतोय? सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यातलं सोयाबीन पाण्यात गेलं, भूम-परंडा भागात जमिनी खरडून गेल्या. पण तिथी निघाली की बापाला हात आखडता येत नाही. धाकट्या पोरीचं लग्न थोरलीपेक्षा कमी झालं तर तिला सासरी ऐकून घ्यावं लागेल, ही धास्ती त्याला असते.

नियम सगळ्यांना सारखा असला की नाक कापलं जात नाही

याचा पुरावा आपण सगळ्यांनी बघितलाय. २०२० मध्ये कोरोनात लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये तर फक्त २५ माणसं अन् दोन तास, एवढीच परवानगी होती. तेव्हा लग्नं झाली, संसारही सुरळीत चालू आहेत. माणसं कमी बोलावली म्हणून कुणी कुणाच्या बापाला नाव ठेवलं नाही. कारण नियम श्रीमंतालाही तोच होता अन् गरिबालाही तोच.

समाजानं स्वतःहून नियम करणं हेही आपल्याकडं नवीन नाही. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापल्यावर त्याच वर्षी, २५ डिसेंबर १८७३ ला, पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. बिनभटाचं, कमी खर्चाचं. अलीकडं २०२५ मध्ये पुण्यातल्या एका हुंड्याच्या प्रकरणानं राज्य हादरलं, तेव्हा मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाची आचारसंहिता पुढं आली. शे-दोनशे माणसांत लग्न, डीजे नको, प्री-वेडिंग नको, असे तिचे मुद्दे होते. मुद्दे चांगलेच आहेत. पण जाहीर झालेली गोष्ट गावात उतरायची असेल तर ती गावानं अन् भावकीनं आपली म्हणून ठरवावी लागते. एकट्या बापानं ठरवलं तर त्याला कंजूष म्हणतात. गावानं ठरवलं तर ती रीत होते.

गाव काय करू शकतं?

१. भांड्यांची बँक : तेलंगणातल्या सिद्दीपेट जिल्ह्यात गावांनी 'स्टील बँक' केल्यात. कार्यक्रमाला लागणारी ताटं, वाट्या, ग्लास गावातच मिळतात, महिला गट ते सांभाळतात. आपल्याकडं बचत गट काही कमी नाहीत. समजा एका पानाला सगळं मिळून ५ रुपये भाडं धरलं, तर ८०० पानांच्या एका लग्नामागं गटाला ४ हजार रुपये येतात. भांडी वर्षानुवर्षं टिकतात.

२. पाण्याचं भान : 'एप्रिल-मे मध्ये प्यायला पाणी नाही, भांडी कशानं धुवायची?' हा प्रश्न खरा आहे. आधी खरकटं निपटून, मग ओळीनं तीन टपांत धुतलं तर वाहत्या नळापेक्षा पाणी बरंच कमी लागतं. तरी टँकरच्या गावात जेवणाला पानाची पत्रावळ अन् पाण्यापुरते स्टीलचे ग्लास, हाच मार्ग बरा. पत्रावळ घेताना पाठ बघा. मागं चकाकी किंवा चंदेरी थर असेल तर ते पान कुजत नाही.

३. कार्यालयाशी बोली : पॅकेज ठरवतानाच प्लास्टिक-थर्माकोल चालणार नाही अन् कचरा कुठं नेणार, हे लिहून घ्या. इसार दिल्यावर बोलून उपयोग नाही.

४. जेवणाचा अंदाज : पाच गोड पदार्थ करण्यापेक्षा एक चांगला करा. उरलेलं अन्न ताजं असतानाच वस्तीवर, ऊसतोड टोळीवर पोहोचवायची जबाबदारी आधीच दोन पोरांवर टाका.

५. हलगी : डीजेचे पैसे जिल्ह्याबाहेर जातात. हलगी-संबळाचे पैसे शेजारच्या घरात राहतात, अन् म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धडधडतही नाही.

६. झाड द्यायचंच तर : भर उन्हाळ्यात रोप देऊ नका, ते गाडीतच वाळतं. नाव लिहून घ्या अन् मृगात द्या. सीताफळ, चिंच, कडुनिंब आपल्या माळाला तग धरतात.

७. सामूहिक किंवा नोंदणी लग्न : शेतकरी-शेतमजुरांच्या मुलींसाठी राज्याची शुभमंगल सामूहिक/नोंदणीकृत विवाह योजना आहे. तिचं अनुदान १० हजारांवरून २५ हजार रुपये झालंय. अटी अन् कागदपत्रं महिला व बालविकास कार्यालयात कळतील. एका मांडवात दहा लग्नं लागली तर नऊ मांडवांचा खर्च अन् कचरा वाचतो.

यातलं सगळं एका वर्षात होणार नाही. भांडी, प्लास्टिकबंदी अन् रात्री १० ला वाद्य बंद, एवढे तीन ठराव जरी ग्रामसभेत मंजूर झाले तरी सुरुवात झाली. पण पहिलं लग्न सरपंचाच्या, सोसायटीच्या चेअरमनच्या, गावातल्या मोठ्या घराचं असायला पाहिजे. गरिबानं साधं लग्न केलं तर त्याला मजबुरी म्हणतात, मोठ्यानं केलं की त्याची चाल पडते.

येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत लाखो भाविक चुनखडीचे खडे वेचतात, अन् त्याच चुन्यानं देवीचं मंदिर रंगतं. एकट्याच्या पाच खड्यांनी भिंतसुद्धा रंगणार नाही, सगळ्यांनी वेचले म्हणून मंदिर रंगतं. लग्नाच्या बाबतीतही येरमाळ्यानं अन् आसपासच्या गावांनी असंच एकदा मिळून ठरवायला काय हरकत आहे?