श्वान आणि त्याचा धनी

कुत्र्याच्या इमानाविषयीं बहुत लिहिलें गेलें आहे. परंतु कुत्रें पाळणाऱ्या माणसाचें इमान शेजाऱ्यांशीं कितपत असतें, हें क्वचितच विचारलें जातें. आज आम्ही त्याविषयींच चार शब्द लिहूं इच्छितों.

आपल्या स्मृतिकारांस हा प्रश्न सुचला होता. दाढांच्या वा शिंगांच्या पशूनें कोणास धरिलें असतां, समर्थ असूनही जो धनी त्यास सोडवीत नाहीं, त्यास याज्ञवल्क्यानें 'प्रथम साहस' नांवाचा दंड सांगितला आहे. आणि सांपडलेला मनुष्य आक्रोश करीत असूनही धनी स्वस्थ राहिला, तर दुप्पट. दंड पशूस नव्हे, धन्यास! सांप्रतच्या भारतीय न्याय संहितेचा रोखही तोच आहे. आपल्या ताब्यांतील जनावरापासून मनुष्याच्या जीवितास धोका संभवत असतां जो पुरेशी खबरदारी घेत नाहीं, त्यास कलम २९१ अन्वयें सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

पण ज्यास धनीच नाहीं, त्या रस्त्यावरील कुत्र्याचें काय? हा वाद आमच्या नागपुरांतच उपस्थित झाला. २० ऑक्टोबर २०२२ रोजीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आज्ञा केली कीं, भटक्या कुत्र्यांस ज्यांना खाऊं घालावयाचें असेल त्यांनीं तीं रीतसर दत्तक घेऊन घरीं न्यावीं वा निवाऱ्यांत ठेवावीं. १६ नोव्हेंबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दत्तकाच्या या अटीस स्थगिति दिली. पुढें २२ ऑगस्ट २०२५ रोजीं त्याच न्यायालयानें, प्रत्येक प्रभागांत अन्न घालण्याच्या जागा नेमाव्या, आणि पिसाळलेलीं वा हिंस्र कुत्रीं परत मोकळीं सोडूं नयेत, असें ठरविलें.

भूतदया हा धर्म खराच; पण जिचें मोल शेजाऱ्याच्या लेकरानें द्यावें, ती दया कसली? पिसाळीचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी बहुधा वांचत नाहीं. वेळीं लस टोंचल्यास मात्र रोग टळतो. म्हणून चावा लहान असला तरी जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि तत्काळ दवाखाना गांठावा. हळद-चुन्यांत वेळ दवडूं नये.

एकत्र कुटुंबांत मुलांनीं हट्टानें आणलेलें पिल्लूं सर्वांचें असतें, म्हणूनच त्याची जबाबदारी कोणाचीच नसते. त्याची लस, साखळी आणि महापालिकेंतील नोंद यांचा भार घरांतील एका जाणत्या माणसानें आधीं पत्करावा. मगच पिल्लूं उंबऱ्याच्या आंत घ्यावें.