सरंजामशाही आणि आमचा ओटा

गेल्या आठवड्यात मॅनेजरने शुक्रवारी संध्याकाळी शनिवारचं काम गळ्यात मारलं. चहाच्या टपरीवर मी म्हणालो, "शुद्ध सरंजामशाही आहे ही!" सगळ्यांनी माना डोलावल्या. या विकांताला आखाजीसाठी जळगावजवळच्या गावी आलो, तरी तो शब्द डोक्यातून जाईना.

सरंजाम म्हणजे मुळात साहित्य, तयारी. आई अजूनही 'पूजेचा सरंजाम' म्हणते. मराठेशाहीत त्याला हिशेबी अर्थ आला: सरदाराने ठरलेली फौज बाळगायची आणि तिच्या खर्चासाठी ठरलेल्या गावांचा महसूल घ्यायचा. शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे होता. राजाराम महाराजांच्या काळात (१६८९-१७००) मुघलांशी झुंजताना खजिन्यात पैसा नव्हता, तेव्हा सरंजाम वाढले. वतन पिढीजात असे, सरंजाम तसा नव्हता. पण हळूहळू तोही बापाकडून मुलाकडे जाऊ लागला. युरोपातल्या फ्यूडल व्यवस्थेलाही आपण हाच शब्द लावला, आणि आता तर ती नुसती शिवी झालीये.

मग माझा मॅनेजर सरंजामदार का? छे! राजीनामा टाकला की नोटीस पिरियड संपवून मी मोकळा.

आमच्याकडे सालदार आहे. खानदेशात त्याचं साल आखाजीला सुरू होतं. वडिलांनी ओट्यावर बसून बोली केली, तो खाली पायरीवर बसला. उचल घेतली की वर्ष बांधलं गेलं. मध्येच सोडायचं तर आधी उचल फेडायची. रविवार वगैरे भानगड नाही. तो माझ्या वडिलांपेक्षा मोठा, तरी मी लहानपणापासून त्याला अरे-तुरे करतो आणि तो मला 'तुम्ही' म्हणतो.

हीसुद्धा काटेकोर अर्थाने सरंजामशाही नाही. हा एका वर्षाचा करार आहे, पुढच्या आखाजीला तो दुसरीकडे जाऊ शकतो. हल्ली सालदार मिळत नाहीत, त्यामुळे वडीलही नरमाईने बोलतात. सरंजाम गेले, १९६२ च्या कायद्याने पाटीलकीही गेली. पण ओटा आणि पायरी कुठल्या कायद्याने जाणार? शिवी म्हणून तो शब्द वापरायचाच, तर माझ्या क्युबिकलपेक्षा तो इथे जास्त लागू पडतो.

रात्री वडिलांना म्हटलं, "त्याला आठवड्याची एक सुट्टी द्या ना."

"मग त्या दिवशी गुरांचं कोण करेल? तू?"

उत्तर नव्हतं. रविवारी रात्री माझी पुण्याची ट्रॅव्हल्स होती.

मॅनेजरबद्दलचा शब्द मात्र मागे घेतो.