घराची सांगितलेली किंमत

घर विकणें हा व्यवहार आहे. परंतु वाडवडिलांचें घर विकणें हा निव्वळ व्यवहार कधींच नसतो. ज्या माजघरांत दोन-तीन पिढ्यांचीं बाळंतपणें झालीं आणि ज्या अंगणांत मुंजींचे मांडव पडले, त्या जागेला आंकडा लावावयाचा म्हटलें, कीं मन बिचकतें. आणि बिचकलेलें मन बहुधा मोठाच आंकडा सांगतें. पुढें गिऱ्हाईक फिरकत नाहीं, तेव्हां तो आंकडा उतरविण्याचा प्रसंग येतो, आणि घरांतील खरा वाद त्या वेळीं सुरू होतो. या प्रसंगाविषयीं आज चार शब्द लिहावेसे वाटतात.

आमच्या स्नेहांतील एका कुटुंबाचा पुण्याच्या सदाशिव पेठेंत जुना दुमजली वाडा होता. हक्कदार तीन भाऊ, एक बहीण आणि त्यांची ऐंशी ओलांडलेली आई. खालचा मजला दोन जुन्या बिऱ्हाडांकडे. आईची खोली वर, न्हाणीघर खालीं अंगणांत, आणि तिचे गुडघे थकलेले. वाडा विकून लिफ्ट असलेल्या इमारतींत तिला सुखानें ठेवावें, हाच विक्रीचा मूळ हेतु. थोरल्या भावांनीं किंमत सांगितली १ कोटि ८० लाख रुपये. आधार एवढाच, कीं पलीकडच्या रस्त्यावरचा एक वाडा त्याच दरानें गेला होता. परंतु तो वाडा रिकामा होता व रुंद रस्त्यावर होता. रस्ता अरुंद असला, कीं नव्या बांधकामास परवानगीहि कमी मिळते; भाडेकरू असले, कीं त्यांची सोय घेणारास करावी लागते. घेणारा या दोन्ही गोष्टींचा हिशेब मांडूनच येतो. तिसऱ्या महिन्यांत १ कोटि ६२ लाखांचें गिऱ्हाईक आलें. ‘वडिलांच्या वास्तूचा लिलाव मांडलेला नाहीं,’ असें सांगून थोरल्यांनीं तें परत पाठविलें. धाकटी बहीण इतकेंच म्हणाली, “अण्णा, वास्तूची किंमत आपण लावतों आहोंत, पण जिने आई चढते आहे.”

ही थोरल्यांचीच चूक आहे असें नव्हे; मनुष्यस्वभावच तसा आहे. अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं १९९० ते १९९७ या काळांत विक्रीस निघालेल्या सदनिकांचा अभ्यास जेनसोव्ह व मेयर या अर्थशास्त्रज्ञांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केला. ज्यांना खरेदीपेक्षां कमी किंमत येण्याचा संभव होता, त्यांनीं इतरांपेक्षां चढी किंमत सांगितली. त्यांच्यांतील ज्यांचीं घरें विकलीं गेलीं, त्यांना कांहीं अंशीं अधिक रक्कम मिळालीहि. परंतु घरें पुष्कळ अधिक काळ पडून राहिलीं. तोटा कबूल करणें जड जातें, म्हणून मनुष्य थांबतो. आणि थांबण्यालाहि किंमत असते, हें विसरतो.

ती किंमत पाटीवर मांडून पाहावी. १ कोटि ६२ लाख रुपये सालीना शेंकडा ६ व्याजानें ठेविले, असें धरलें, तर वर्षाचें व्याज ९ लाख ७२ हजार होतें. दोन वर्षांचें १९ लाख ४४ हजार. म्हणजे १८ लाखांच्या फरकासाठीं दोन वर्षें थांबून अखेर मनाजोगती किंमत आली, तरी हातीं कांहींच अधिक पडलें नाहीं. शिवाय घरपट्टी, पावसाळ्यांतील गळती आणि रोजचा घोर हीं निराळींच.

याचा अर्थ पहिल्याच नकाराबरोबर किंमत पाडावी, असा नव्हे. दलालाचा सल्ला घ्यावा, पण तो कोणाच्या सोयीचा आहे हें पाहावें. शिकागोच्या परिसरांतील घरविक्रीच्या एका अभ्यासांत, २००८ सालीं लेव्हिट व सिव्हर्सन यांस असें आढळलें, कीं दलाल स्वतःचें घर विकतांना गिऱ्हाइकांच्या घरांपेक्षां सुमारें साडेनऊ दिवस अधिक थांबतात आणि शेंकडा ३.७ अधिक किंमत मिळवितात. दुसरी मर्यादा सरकारी आहे. मुद्रांकशुल्क, ठरलेली किंमत व सरकारी मूल्यदर तक्त्याप्रमाणें येणारें मूल्य यांपैकीं जें अधिक असेल, त्यावर लागतें. सरकारी मूल्य विक्रीच्या किंमतीच्या शेंकडा ११० हून अधिक झालें, तर विकणाराचा नफा त्या मूल्यावरून मोजला जातो आणि घेणारासहि फरकावर प्राप्तिकर लागूं शकतो. तेव्हां उतरण्यापूर्वीं ही पायरी पाहून ठेवावी.

एकत्र कुटुंबांत आणखी एक पथ्य आहे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला. तेव्हां बहिणीला केवळ सहीपुरतें बोलावणें गैर तर आहेच, शिवाय अडचणीचेंहि आहे. त्याच कायद्याच्या २२ व्या कलमान्वयें, प्रथम वर्गाचा एखादा वारस मिळालेला आपला हिस्सा देऊं लागला, तर तो स्वतः घेण्याचा अग्रहक्क सहवारसांस असतो. ज्याला किंमत कमी वाटते, त्याला आधीं शांतपणें विचारावें, ‘या भावानें तूं घेतोस काय?’ या एका प्रश्नानें पुष्कळ वाद मिटतात.

आमची सूचना साधी आहे. दस्तनोंदणीच्या सूची क्रमांक २ मध्यें शेजारच्या व्यवहारांच्या नोंदलेल्या किंमती पाहाव्या. ऐकीव आंकड्यांवर विसंबूं नये. नोंदणीकृत मूल्यमापकाकडून एकदां मूल्य काढवून घ्यावें. मग सर्व हक्कदारांनीं एकत्र बसून दोन आंकडे कागदावर लिहावे: एक सांगावयाचा, दुसरा ज्याखालीं जावयाचें नाहीं तो, आणि हा दुसरा घराबाहेर जाऊं देऊं नये. सोबत एक तारीखहि लिहावी. त्या तारखेपर्यंत योग्य गिऱ्हाईक न आल्यास किंमत एकदांच, पण नजरेंत भरेल इतकी उतरवावी. दर महिन्यास लाख-दोन लाख कमी केल्यानें घेणारास फक्त पुढच्या महिन्याची वाट पाहण्याची संवय लागते.

आमच्या स्नेह्यांचा वाडा दोन वर्षांनंतर १ कोटि ५८ लाखांस गेला. आई नव्या घरांत गेली. लिफ्टनें खालीं येऊन रोज संध्याकाळीं बाकावर बसूं लागली. तें सुख तिला चार महिने मिळालें. पैशांचा हिशेब भावाबहिणींनीं पुढें कधीं काढला नाहीं. परंतु त्या दोन वर्षांचा विषय निघाला, कीं थोरले भाऊ अजूनहि उठून बाहेर जातात.