नळी घातली दवाखान्याने, पुढचे कोणी बघायचे?

प्रोस्टेट वाढून लघवी तुंबली, अर्धांगवायूचा झटका आला किंवा खुब्याचे हाड मोडले, की म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेतात आणि तिथे लघवीची नळी घालतात. पाच-दहा मिनिटांचे काम. आठवड्याभराने माणूस घरी येतो तो नळी, पिशवी आणि औषधांची चिठ्ठी घेऊन. ‘महिन्याने दाखवा’ एवढेच सांगितलेले असते. शहापूर, वडगाव, अनगोळपासून येळ्ळूर-खानापूरपर्यंत अशी घरे आमच्या ओळखीत आहेत. मधल्या महिन्यात पिशवी कशी रिकामी करायची, रात्री दोन वाजता लघवी उतरेनाशी झाली तर कोणाला उठवायचे, हे त्या चिठ्ठीवर नसते. का नसते, हा आमचा सवाल आहे.

दवाखाना सोडताना विचारतात, ‘घरी कोणी आहे ना?’ होय म्हटले की त्यांचे काम संपले. हे ‘कोणी’ म्हणजे सून, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. मुलगा पुण्याला नाहीतर बेंगळुरूला. ज्या सुनेने सासऱ्यांपुढे कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिने आता नळीभोवतीची जागा साबण-पाण्याने धुवायची. दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखे होते. मग आजोबा काय करतात? पिशवी लवकर भरू नये म्हणून पाणी प्यायचे कमी करतात. त्याने लघवी दाट होते, गाळ धरतो, नळी तुंबते, ताप येतो आणि वरात पुन्हा दवाखान्यात. याला काय नशीब म्हणायचे? आम्ही याला हलगर्जीपणा म्हणतो, आणि तो घरच्यांचा नव्हे.

शिकवण्यासारखे फार आहे अशातला भाग नाही. नळीच्या आतल्या टोकाला एक फुगा असतो, तो निर्जंतुक पाण्याने भरतात म्हणून नळी आत टिकते. फुगा रिकामा न करता नळी ओढली तर मूत्रमार्गाला इजा होते. भ्रमिष्ट झालेले रुग्ण रात्री नेमके हेच करतात, म्हणून नळी मांडीला नीट चिकटवून ठेवावी लागते. पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खाली हवी, पण फरशीला टेकता कामा नये. आजोबांना चालवताना नातू कौतुकाने ती उंच धरतो आणि आतली लघवी उलटी फिरते! नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडायचा नाही. हात आधीही धुवायचे आणि नंतरही. साधी रबरी नळी काही आठवड्यांत बदलावी लागते, सिलिकॉनची साधारण तीन महिन्यांपर्यंत चालते. कडेने लघवी झिरपू लागली तर नळी तुंबली आहे का ते आधी बघायचे. लघवी उतरायची थांबली, पोट फुगून दुखू लागले, थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. उलट, नळी काही आठवडे राहिली की लघवीच्या तपासणीत जंतू बहुधा सापडतातच. ताप नाही, त्रास नाही, तर त्यासाठी अँटिबायोटिकचा मारा सहसा लागत नाही.

शिकलेली नर्स हे सारे अर्ध्या तासात दाखवू शकते. आणखी एक प्रश्न तीच विचारू शकते, जो घरचे कोणी विचारत नाही: ही नळी अजून लागते का? घातली तेव्हा गरज होती, आता नसेलही. कोणी बघायला येत नाही म्हणून नळी राहून जाते.

सरकारकडे योजना नाहीत असे नाही. वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१०-११ साली सुरू झाला. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन भेट देण्याची तरतूद त्यात आहे. २०१८ नंतर निघालेल्या आणि आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणवल्या जाणाऱ्या केंद्रांच्या कामांत वृद्धांची सेवा लिहिलेली आहे. २०२४ मध्ये केंद्राने सत्तरी गाठलेल्या सर्वांसाठी पाच लाखांचे संरक्षण जाहीर केले. पण ते दवाखान्यातल्या खाटेपुरते आणि घरी आल्यावर पंधरा दिवसांपुरते. नळी राहते महिनोन्‌महिने. केरळने २००८ मध्ये धोरण करून पंचायतींच्या मदतीने नर्सला घरोघर पाठवले, तिथे ती नळीही बदलून देते. केरळला जमते ते इथे का जमू नये?

आणि भाषेचे काय? पंधरा टक्क्यांहून अधिक लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व देशाने कधीच मान्य केले आहे. दुकानाच्या पाटीसाठी आम्ही रस्त्यावर उतरलो, उतरायलाच हवे होते. पण मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या आजीच्या हाती इंग्रजी किंवा कन्नड कागद ठेवला जातो, त्यावर अवाक्षर काढत नाही. पाटी वाचता आली नाही तर माणूस दुकान चुकतो. इथे धोक्याची खूण चुकते आणि जिवावर बेतते.

आमच्या मंडळांनाही हा जाब चुकणार नाही. वर्धापनदिनाला शाल-श्रीफळ, मांडव, जेवणावळी, आणि आरोग्य म्हणून वर्षातून एकदा रक्तदाब मोजण्याचे शिबिर. लघवीची नळी हा विषय कार्यकारिणीत निघाला की लोक छताकडे बघतात. एका वर्धापनदिनाचा मांडव वाचला तर एका नर्सचे काही महिन्यांचे मानधन निघेल. सेवानिवृत्त सिस्टर आपल्याच गल्ल्यांत राहतात. त्यांना सन्मानाने बोलवा, पैसे द्या, फुकट राबवू नका. सरकारी तरतुदीचा पाठपुरावा चालू राहीलच, तोवर आजोबा थांबू शकत नाहीत.

नळी घालून घरी पाठवणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने मराठी सूचनापत्र, नळी बदलण्याची तारीख आणि अडल्यास फोन करायचा क्रमांक द्यावा, आणि आरोग्य केंद्राच्या नर्सने ठरलेल्या दिवशी घरी यावे, असे निवेदन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायचे आहे. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी दवाखान्यातून मिळालेल्या कागदाची झेरॉक्स, नाव खोडून, कार्यालयात आणून द्यावी. निवेदनाला ती जोडायची आहे.